केंद्राची फाईल, राज्याची फाईल: सबसिडी अडकली तर काय करायचं?



नांदेड आणि लातूरच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मशीन कुठून घ्यायचं हा नसतो, आणि माल कुठे विकायचा हाही नसतो. प्रश्न असा असतो: "सर, पीएमईजीपीचा अर्ज केला होता, काहीच होईना. आता सीएमईजीपीत टाकू का?" किंवा, "कर्ज मिळालं, हप्ते चालू झाले, पण सबसिडी अजून आली नाही. बँक म्हणते वरून आली नाही, ऑफिस म्हणतं बँकेनं मागितलीच नाही."

आजचा धडा यावरच आहे. व्हिडिओत आकडे पटपट बोलून जातो, ते इथे सावकाश बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: दोन दारं आहेत, पण घर एकच

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. ही केंद्राची योजना. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९९३ पासून पंतप्रधान रोजगार योजना होती, आणि खादी आयोगाचा ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम होता. २००८ साली दोन्ही एकत्र करून पीएमईजीपी सुरू झाली.

सीएमईजीपी म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. ही महाराष्ट्र शासनाची योजना, २०१९ मध्ये सुरू झाली. हिची रचना बरीचशी केंद्राच्या योजनेसारखीच आहे. स्वतःचे थोडे पैसे, बाकी बँकेचं कर्ज, आणि त्यात सरकारचं अनुदान.

गंमत अशी की जिल्ह्यात दोन्हींसाठी तुम्ही जाता ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, जिल्हा उद्योग केंद्रात. म्हणून लोकांना वाटतं की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवली की झालं. तसं नाही. केंद्राच्या योजनेचं अनुदान खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडून येतं. राज्याच्या योजनेचं राज्याच्या उद्योग संचालनालयाच्या वाटेनं येतं. दोघांची मुख्य कार्यालयं मुंबईतच आहेत, पण पोर्टल वेगळं, तरतूद वेगळी, नियम वेगळे. एका पोर्टलवरचा अर्ज दुसऱ्या पोर्टलवर आपोआप जात नाही.

केंद्र आणि राज्य यांच्या मधल्या सांध्यात माणूस अडकतो, हे आपल्याकडे नवीन नाही. रोजगार हमी आठवा. महाराष्ट्रानं हा कायदा १९७७ मध्ये केला, केंद्रानं २००५ मध्ये. त्यानंतर कुटुंबाचे पहिले १०० दिवस केंद्राच्या हिशोबात आणि पुढचे दिवस राज्याच्या हिशोबात, अशी विभागणी झाली. मजूर तोच, काम तेच, पण १०१ व्या दिवशी पैसे येण्याची वाट बदलली. तुमच्या सबसिडीचंही तसंच आहे. पैसा कोणत्या वाटेनं येणार हे माहीत नसेल, तर अडकला कुठे हे कळणार नाही.

अनुदान किती, आणि ते कुठे जाऊन बसतं?

दोन्ही योजनांत साधारण गणित असं आहे:

- सर्वसाधारण प्रवर्ग: स्वतःचे १० टक्के. अनुदान शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के.
- विशेष प्रवर्ग (अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, महिला, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक वगैरे): स्वतःचे ५ टक्के. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के.

२०२२ च्या सुधारणेनंतर पीएमईजीपीत उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो. योजनेची मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ अशी ठरावीक काळासाठी दिलेली होती. अशा मुदतीच्या वळणावर मर्यादा आणि अटी बदलतात. म्हणून कुणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका, माझ्यासुद्धा नाही. अर्ज भरायच्या दिवशी चालू मार्गदर्शक सूचना उद्योग केंद्रात बघा.

आता महत्त्वाची गोष्ट. पीएमईजीपीची सबसिडी तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या नावानं मुदत ठेव म्हणून ३ वर्षं बसते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर बँक व्याजही लावत नाही. ३ वर्षांनी युनिट प्रत्यक्ष बघून जातात, चालू असेल तर ती रक्कम कर्जात वळती होते. बंद दिसलं तर अनुदान परत जातं.

म्हणजे सबसिडी हे धंद्याचं भांडवल नाही. ती तुमच्या कर्जाचं ओझं हलकं करते, एवढंच. ज्यांनी हे ओळखलं, त्यांना उशिराचा त्रास अर्धा होतो.

उशिराची किंमत रुपयात काढा

उशीर झाला की आपण चिडतो, पण मोजत नाही. चला, मोजू.

*उदाहरण १.* समजा, लोहा तालुक्यातल्या गावात एक ताई हळद पावडर आणि मसाल्याचं युनिट टाकतात. प्रकल्प १० लाखांचा. महिला आणि ग्रामीण, म्हणजे स्वतःचे ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख, अनुदान साडेतीन लाख. व्याजदर ११ टक्के धरू.

सबसिडी येईपर्यंत व्याज पूर्ण साडेनऊ लाखांवर लागतं: वर्षाला १,०४,५०० रुपये, महिन्याला साधारण ८,७०८.
सबसिडी ठेवीत बसल्यावर व्याज ६ लाखांवरच: वर्षाला ६६,०००, महिन्याला ५,५००.
फरक महिन्याला साधारण ३,२०८ रुपये. आठ महिने उशीर झाला तर जवळपास २५,७०० रुपये.

*उदाहरण २.* लातूर शहरात एक भाऊ क्लासच्या पोरांसाठी मेस काढतात. प्रकल्प ६ लाख, सर्वसाधारण प्रवर्ग, शहरी भाग. स्वतःचे ६० हजार, कर्ज ५ लाख ४० हजार, अनुदान ९० हजार. त्याच दरानं उशिराची किंमत महिन्याला ८२५ रुपये.

आता तुम्हीच सांगा. मेसवाल्या भावानं महिन्याच्या ८२५ रुपयांसाठी उद्योग केंद्राच्या चकरा मारायच्या, की जूनमध्ये पोरं खोल्या शोधायला येतात तेव्हा डबे चालू करायचे? चार पोरांचे डबे वाढले तर ते ८२५ रुपये निघतात. पण लोह्याच्या ताईंचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी ३,२०८ ही एका कामगाराच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम आहे. त्यांनी पाठपुरावा केलाच पाहिजे, पण मशीन चालू ठेवून.

तुमच्या प्रकल्पाचा हा एक आकडा आजच काढून भिंतीवर लावा: अनुदान × व्याजदर ÷ १२. हीच तुमच्या उशिराची महिन्याची किंमत. प्रकल्प अहवालात किमान सहा महिन्यांची ही रक्कम खर्च म्हणून धरा. आली लवकर तर फायदा, नाही आली तर धक्का नाही.

फाईल नेमकी कुठे अडकते?

पीएमईजीपीची वाट टप्प्याटप्प्यानं बघा. प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न सोबत दिला आहे.

१. *ऑनलाइन अर्ज, मग यंत्रणेची छाननी.* यंत्रणा म्हणजे उद्योग केंद्र, खादी आयोग किंवा राज्याचं खादी मंडळ. प्रश्न: "माझा अर्ज बँकेकडे कोणत्या तारखेला पाठवला?"

२. *बँकेची मंजुरी.* सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. अर्थात सगळी कागदपत्रं पूर्ण दिल्यापासून. आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या कर्जाला तारण मागू नये, हाही नियम आहे. प्रश्न: "माझी कागदपत्रं पूर्ण आहेत का, हे लेखी सांगाल का?"

३. *प्रशिक्षण.* प्रकल्प ५ लाखांपर्यंत असेल तर ५ दिवस, त्याहून मोठा असेल तर १० दिवस. अगदी लहान, २ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला सूट आहे. या प्रमाणपत्राशिवाय सबसिडीची मागणी पुढे जात नाही. अनेकांची गाडी इथेच थांबलेली असते आणि त्यांना वाटतं मुंबईत थांबली.

४. *पहिला हप्ता, मग बँकेची अनुदान मागणी.* सबसिडी तुम्ही मागायची नसते, बँकेनं पोर्टलवर मागायची असते. शाखेत साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांना पोर्टल माहीत नाही, मागणी राहून गेली, असं सर्रास होतं. प्रश्न: "अनुदानाची मागणी कोणत्या तारखेला टाकली?"

५. *अनुदान मंजूर होऊन शाखेत येणं आणि ठेव होणं.* प्रश्न: "ठेवीची तारीख काय, आणि त्या तारखेपासून तेवढ्या कर्जावरचं व्याज थांबवलं का?" हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. ठेव पडलेली असते आणि व्याज पूर्ण रकमेवर चालूच असतं. खातेउतारा काढून स्वतः तपासा.

ग्रामीण बँकेत खातं असणाऱ्यांनी आणखी एक बघा. १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. त्याआधी १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत गेली, ते मराठवाड्यात सगळ्यांना आठवत असेल. बँका एकत्र होतात तेव्हा शाखेचे कोड आणि प्रणाली बदलू शकतात. तुमच्या अर्जात जुना तपशील असेल तर शाखेत जाऊन खात्री करा.

या योजनेतून त्या योजनेत जायचं असेल तर

इथे घाई करू नका. पाच गोष्टी नीट वाचा.

*पहिली:* दोन्ही अनुदानं एकाच वेळी मिळत नाहीत. ज्यानं केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून अनुदान घेतलं, तो पीएमईजीपीला पात्र नाही. आणि पीएमईजीपीत कुटुंबातल्या एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा-बायको. एकानं इकडे, दुसऱ्यानं तिकडे, असली युक्ती कुणी सुचवली तर लांब राहा.

*दुसरी:* जुना अर्ज तसाच लटकत ठेवून नवीन टाकू नका. बँकेनं नाकारला असेल तर नकाराचं कारण लेखी घ्या. तुम्हालाच नको असेल तर अर्ज मागे घेतल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा. बँकेनं "तुमचा प्रकल्पच चालणार नाही" म्हणून नाकारलं असेल, तर योजना बदलून काही होणार नाही. तोच अहवाल पुन्हा त्याच साहेबांकडे जाईल. आधी अहवाल दुरुस्त करा.

*तिसरी:* मंजुरीपत्र एका योजनेच्या नावाचं असेल तर ते दुसऱ्या योजनेत चालत नाही. आणि कर्ज उचलून युनिट सुरू झालं असेल, तर दुसऱ्या योजनेसाठी तुमचं युनिट "नवीन" राहत नाही. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नवीन युनिटला आहे. म्हणून बदलायचं असेल तर पैसे उचलण्याच्या आधी बदला. त्यानंतर आहे त्याच वाटेनं शेवटपर्यंत जा.

*चौथी:* प्रमाणपत्रं. राज्यात विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग अशा वर्गवाऱ्या आहेत. केंद्राच्या यादीत त्या नावानं वर्गवाऱ्या नाहीत, आणि इतर मागासांची केंद्राची यादी वेगळी आहे. राज्याच्या योजनेसाठी काढलेला जातीचा दाखला केंद्राच्या योजनेत चालेल का, हे अर्जाच्या आधी उद्योग केंद्रात विचारा. महिला अर्जदार विशेष प्रवर्गात येतातच, त्यामुळे फक्त टक्केवारीसाठी त्यांना जातीच्या दाखल्यावर अडून राहायची गरज नसते. राज्याच्या योजनेला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या सीमेवरच्या तालुक्यांत ज्यांचं शिक्षण तेलंगणात किंवा कर्नाटकात झालं, त्यांनी अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

*पाचवी:* पुढचा विचार. पीएमईजीपीत चांगल्या चाललेल्या युनिटला विस्तारासाठी दुसरं कर्ज मिळू शकतं. उत्पादनासाठी १ कोटीपर्यंत, त्यावर १५ टक्के अनुदान. हे पीएमईजीपी, तिच्या आधीचा ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुद्रा यातल्या युनिटांसाठी आहे. दोन महिने लवकर होईल म्हणून दार बदलताना हे दार बंद तर होत नाही ना, ते बघा.

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यावर ज्यांची नजर आहे, त्यांच्यासाठी एक ओळ: तिथे क्रम उलटा आहे. आधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र, मग कर्ज. मग हप्ता तुम्ही वेळेवर भरायचा आणि व्याज नंतर परत येतं. परतावा आला नाही म्हणून हप्ता थांबवला तर परतावाही थांबतो.

पाठपुरावा कसा करायचा?

भांडून नाही, आणि हात जोडूनही नाही. तारखा घेऊन.

एक साधी वही करा. तारीख, कुठे गेलात, कुणाला भेटलात (पद लिहा), काय सांगितलं, पुढची तारीख. तोंडी सांगितलं तर घरी येऊन लगेच लिहा. मग बँकेला असं पत्र द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या:

> प्रति, मा. शाखा व्यवस्थापक,
> विषय: अनुदान मागणीच्या सद्यस्थितीबाबत.
> महोदय, माझे ____ योजनेतील कर्ज दि. ____ रोजी मंजूर झाले असून पहिला हप्ता दि. ____ रोजी मिळाला आहे. प्रशिक्षण प्रमाणपत्र दि. ____ रोजी शाखेत सादर केले आहे. कृपया (१) अनुदानाची मागणी पोर्टलवर कोणत्या तारखेस केली, (२) त्यात त्रुटी असल्यास कोणती, (३) अनुदान जमा झाले असल्यास ठेवीची तारीख, ही माहिती लेखी द्यावी, ही विनंती.

एवढ्या पत्रानं बऱ्याच फायली हलतात, कारण उत्तर द्यायला कुणाला तरी पोर्टल उघडावं लागतं.

नाही हलली तर पायऱ्या चढा, उड्या मारू नका:

- बँकेकडे काम अडलं असेल: शाखा, मग विभागीय कार्यालय, मग जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.
- केंद्राच्या योजनेचं अडलं असेल: उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक, मग केंद्राचं तक्रार पोर्टल.
- राज्याच्या योजनेचं अडलं असेल: महाव्यवस्थापक, मग "आपले सरकार" पोर्टल.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण केंद्राच्या कार्यालयाची माहिती केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याकडे, राज्याची राज्याच्या. चुकीच्या दारात टाकला की अर्ज इकडून तिकडे पाठवण्यात दिवस जातात.

आणि एजंट. "वीस हजार द्या, सबसिडी आणून देतो" म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्याला भेटेल. पीएमईजीपीसाठी कुणीही एजंट नेमलेला नाही, हे खादी आयोगच सांगतो. लोह्याच्या ताईंचा हिशोब परत बघा. एजंटला दिलेले वीस हजार म्हणजे सहा महिन्यांच्या उशिराची किंमत. तेवढ्यात उशीरही परवडला असता.

उशिराच्या काळात धंदा कसा टिकवायचा?

- *हंगामाला धरा, फाईलला नाही.* हळद मार्च ते मे बाजारात येते, सोयाबीन दिवाळीच्या आसपास. कच्च्या मालाचे पैसे सबसिडीवर अवलंबून ठेवू नका, प्रकल्प अहवालातच खेळतं भांडवल नीट दाखवा.
- *पहिला हप्ता चुकवू नका.* सबसिडी यायच्या आधी खातं थकीत गेलं, तर पुढचं सगळं अवघड होतं. अडचण दिसली तर हप्त्याच्या तारखेआधी बँकेत जाऊन सांगा.
- *सावकाराचं कर्ज काढून सबसिडीची वाट बघू नका.* महिन्याला ३ टक्क्यांनी घेतलेले एक लाख म्हणजे महिन्याला ३ हजार. साडेतीन लाखांच्या सबसिडीच्या उशिरानं जेवढं नुकसान होतं, जवळजवळ तेवढं एका लाखात.
- *सबसिडी वजा करून धंदा तपासा.* अनुदान शून्य धरून हिशोब मांडा. तरी हप्ता जाऊन घर चालत असेल तर प्रकल्प करा. अनुदानाशिवाय हिशोब बसतच नसेल, तर मशीन लहान घ्या, जागा भाड्यानं घ्या, किंवा थोडं थांबा.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या प्रकल्पाची महिन्याच्या उशिराची किंमत काढा.
२. तुमची फाईल पाचपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, ते तारखेसह लिहा. तारीख माहीत नसेल तर या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट विचारून या.
३. आधार, पॅन, बँक पासबुक आणि दाखले समोर ठेवून नावाचं स्पेलिंग जुळतं का बघा. वडिलांचं नाव, आडनाव, "राव", "बाई" सगळं. एका अक्षरासाठी फाईल परत येते.
४. अनुदान शून्य धरून पहिल्या वर्षाचा हिशोब मांडा.

पुढच्या धड्यात प्रकल्प अहवालातलं खेळतं भांडवल कसं दाखवायचं ते शिकू, कारण बँकेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारतात. तोपर्यंत वही चालू ठेवा, आणि त्याहून महत्त्वाचं, गिऱ्हाईक चालू ठेवा. सबसिडी एकदाच येते, गिऱ्हाईक रोज येतं.